दोन-तीन नेटवर्क कार्डं असलेल्या संगणकावर मल्टिकास्ट अडलं, तर कुठे आणि कोणत्या क्रमानं शोधायचं

जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतली की नाटक उभं राहतं. गोव्यात फोंडा महालातल्या एका देवळात आम्ही त्या नाटकाच्या चित्रीकरणाचं काम घेतलं होतं. चौकात माणसं मावत नाहीत, म्हणून वयस्क मंडळींसाठी अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या उतरण्याच्या इमारतीत, दोन मोठे पडदे लावले होते, आणि बाहेरगावच्या महाजनांसाठी, म्हणजे देवस्थानच्या सभासदांसाठी, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं. नांदी सुरू झाली आणि पडदे काळेच राहिले. स्विचचे दिवे लुकलुकत होते, कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर सोडणारा एन्कोडर चालू होता, संगणकावर एकही चूक दिसत नव्हती. पहिला अंक संपेपर्यंत आम्ही तारा बदलत राहिलो. काळ्या पडद्यासमोर शाल गुंडाळून शांतपणे बसलेली ती माणसं मला अजून आठवतात. एकाही तारेत दोष नव्हता. संगणकाला दोन वाटा होत्या आणि त्यानं चुकीची धरली होती.

आमचं चित्र मल्टिकास्टनं जात होतं, म्हणजे एकदाच पाठवायचं आणि त्या ग्रुपमध्ये सामील झालेल्या सगळ्या यंत्रांना मिळायचं. त्या रात्रीनंतर शोधण्याचा एक क्रम मी मनाशी पक्का केला. तोच इथे सविस्तर देतो. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत, लहान लिपीत टाइप करायच्या.

आमची मांडणी अशी होती, उदाहरणंही हिच्यावरच देतो. संगणक लिनक्सचा, त्याला दोन कार्डं. ईथ० इंटरनेटच्या राउटरला जोडलेलं, पत्ता १९२.१६८.१.२०, गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचं दार, १९२.१६८.१.१. ईथ१ रंगमंचाच्या स्विचला, पत्ता १०.२०.०.१५, गेटवे नाही. एन्कोडर १०.२०.०.५० वरून २३९.१०.१०.५ या ग्रुपवर, पोर्ट ५००४ वर चित्र सोडतो. संगणक ते घेतो, त्यावर नावांच्या पट्ट्या चढवतो, ईथ० वरून यूट्यूबला पाठवतो आणि ईथ१ वरून २३९.१०.१०.२० या ग्रुपवर अग्रशाळेतल्या पडद्यांना देतो.

चूक मुळात का होते

साध्या पत्त्याला घर असतं. १०.२०.०.५० कुठे राहतो हे राउटिंग टेबलात, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या कार्डावरून याच्या यादीत, लिहिलेलं असतं, कारण तो ईथ१ च्याच जाळ्यात आहे. २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ या टापूतल्या मल्टिकास्ट पत्त्याला घर नसतं. ते एका ग्रुपचं नाव असतं, आणि तो ग्रुप कुठल्याही कार्डाच्या पलीकडे असू शकतो. टेबलात या टापूसाठी वेगळी ओळ नसेल, तर संगणक सगळ्यांत मोघम ओळ धरतो, म्हणजे डीफॉल्ट गेटवेची. ती इंटरनेटच्या तारेकडे जाते. एकच कार्ड असलेल्या संगणकावर हे कधी उघडं पडत नाही, कारण चुकायला दुसरी वाटच नसते.

यातली खरी मेख अशी की 'कुठल्या कार्डावरून' हा निर्णय एकदा होत नाही, तीनदा होतो. ग्रुपमध्ये सामील होताना एकदा, पाठवताना एकदा, आणि आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा एकेक तुकडा, स्वीकारायचं की टाकून द्यायचं हे ठरवताना एकदा. तिन्ही निर्णय स्वतंत्र आहेत. एक दुरुस्त केला म्हणून दुसरा आपोआप सुधारत नाही. म्हणून लक्षण पाहून औषध देऊ नका. पॅकेट कुठे मरतं ते आधी पाहा.

पहिली पायरी: कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) थेट विचारा

आयपी राउट गेट २३९.१०.१०.५

उत्तरात 'डेव्ह' या शब्दापुढे कार्डाचं नाव येतं. तिथे ईथ० दिसलं, तर निम्मा उलगडा झाला. वाय-फाय चालू असेल, व्हीपीएन असेल किंवा डॉकर बसवलेलं असेल, तर भलतंच नाव दिसू शकतं. कुठलीच ओळ लागू पडत नसेल, तर 'नेटवर्क अनरीचेबल' येतं. इंटरनेटची तार काढून 'एकटं चालतंय का बघू' असं केलं की हीच स्थिती येते. डीफॉल्ट गेटवेची ओळ सहसा तारेबरोबर जाते, आणि कार्ड न सांगता सामील होऊ पाहणाऱ्या प्रोग्रामला 'नो सच डिव्हाइस' मिळतं. ही चाचणी फसवी आहे, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.

तात्पुरता उपाय एका ओळीचा आहे:

आयपी राउट ॲड २३९.०.०.०/८ डेव्ह ईथ१

पुष्कळ ठिकाणी सगळा २२४.०.०.०/४ हा टापू ईथ१ कडे वळवायचा सल्ला मिळतो. मी तो देत नाही. २३९ ने सुरू होणारे पत्ते संस्थेच्या आतल्या वापरासाठी राखलेले आहेत, आपले ग्रुप तिथेच असावेत आणि तेवढेच वळवावेत. बाकीच्या टापूत प्रिंटर शोधणं, नावं शोधणं असे दुसरे व्यवहार चालतात, त्यांना का हात लावायचा?

दुसरी पायरी: सामील झालो, पण कुठल्या कार्डावर?

मार्ग घातला, प्रोग्राम तसाच चालू ठेवला आणि चित्र येईना, हा प्रकार मी अनेकांच्या हातून होताना पाहिला आहे. सामील होण्याचा निर्णय प्रोग्राम सुरू होताना होतो आणि त्याच कार्डाला चिकटून राहतो. नंतर राउटिंग टेबल बदललं तरी सदस्यत्व जुन्याच कार्डावर असतं. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावाच लागतो. मग पाहा:

आयपी एमॲडर शो डेव्ह ईथ१

या यादीत २३९.१०.१०.५ दिसायला हवा. दिसला नाही, तर हीच कमांड ईथ० साठी द्या. बहुधा तिथे सापडेल. प्रॉक फोल्डरातल्या नेट या उपफोल्डरात आयजीएमपी (ग्रुपमध्ये सामील होण्याचा प्रोटोकॉल) नावाची फाइल असते, तिच्यातही हेच असतं. तिथे पत्ता षोडशमान पद्धतीत, बाइट उलटे लावून लिहिलेला असतो: २३९.१०.१०.५ हा ०५०ए०एईएफ असा दिसतो. त्याच फाइलमध्ये कार्ड आयजीएमपीची दुसरी आवृत्ती बोलतंय की तिसरी, तेही कळतं.

राउटिंग टेबलावर विसंबण्यापेक्षा प्रोग्रामला कार्ड स्पष्ट सांगणं केव्हाही चांगलं. व्हीएलसीला सुरू करताना 'एमआयफेस' या पर्यायात कार्डाचं नाव देता येतं. एफएफएमपेगला यूडीपीच्या पत्त्यामागे प्रश्नचिन्ह टाकून 'लोकलॲडर' मध्ये १०.२०.०.१५ हा आपला पत्ता देता येतो. प्रोग्राम स्वतः लिहिणाऱ्यांनी सॉकेटला सदस्यत्व देताना इंटरफेसची जागा रिकामी सोडू नये. ती रिकामी सोडली की कर्नल पुन्हा राउटिंग टेबलाकडेच वळतो.

यूएसबीला लावलेलं लॅन ॲडॉप्टर वापरत असाल, तर आणखी एक गोष्ट. ॲडॉप्टर क्षणभर सुटून पुन्हा लागला, तरी संगणकाच्या लेखी ते नवं कार्ड असतं आणि जुनं सदस्यत्व गेलेलं असतं. प्रोग्रामला याचा पत्ता नसतो. दारात येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय तारेत अडकतो, म्हणून आम्ही आता ॲडॉप्टर टेबलाच्या पायाला पट्टीनं बांधतो.

तिसरी पायरी: तारेवर काय येतंय?

टीसीपीडंप -एनआय ईथ१ यूडीपी पोर्ट ५००४

ही कमांड कार्डावरची पॅकेटं दाखवते. एन्कोडरची पॅकेटं धडाधड सरकताना दिसायला हवीत. लांबी १३१६ दिसली तर मन निश्चिंत होतं: व्हिडिओच्या ट्रान्सपोर्ट प्रवाहाचे १८८ बाइटांचे सात तुकडे एका पॅकेटात भरले की १३१६ होतात.

टीसीपीडंप चालू असताना कार्ड समोरून जाणारं सगळंच उचलू लागतं, स्वतःसाठी नसलेलंही. त्यामुळे ते चालू असताना चित्र येतं आणि बंद करताच जातं, असा प्रकार होऊ शकतो. म्हणून एकदा '-पी' लावूनही चालवून पाहा, मग कार्ड आपल्या नेहमीच्या चाळणीतूनच पॅकेटं घेतं.

पॅकेटं इथे दिसतच नाहीत, तर दोष संगणकाच्या बाहेर आहे. स्विचविषयीच्या पाचव्या पायरीकडे जा. दिसतात पण प्रोग्रामला मिळत नाहीत, तर दोष आत आहे, पुढे वाचा.

चौथी पायरी: दारापर्यंत आलं, घरात घेतलं नाही

याच जागी माणसं सर्वांत जास्त वेळ घालवतात. टीसीपीडंप पॅकेटं फार आधी पाहतं, कर्नलच्या तपासण्या त्यानंतर होतात. त्यातली पहिली तपासणी उलट्या वाटेची, तिचं नाव आरपी_फिल्टर. ती एवढंच विचारते: हे पॅकेट ज्यानं पाठवलं त्याला मला उत्तर द्यायचं असतं, तर मी ते याच कार्डावरून दिलं असतं का? 'नाही' असेल आणि तपासणी कडक असेल, तर पॅकेट निमूटपणे टाकलं जातं.

आमच्या मांडणीत एन्कोडर १०.२०.०.५० वर असेल, तर अडचण नाही, तो ईथ१ च्याच जाळ्यात आहे. पण एकदा भाड्यानं आणलेला एन्कोडर कारखान्यातल्या मूळ पत्त्यावरच होता, १९२.१६८.५०.१०. तार त्याच स्विचला, ग्रुप बरोबर, पॅकेटं ईथ१ वर येताना दिसत होती. मल्टिकास्टमध्ये उत्तर द्यायचंच नसतं, म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता चुकला तरी एरवी काही बिघडत नाही. पण कर्नलच्या हिशेबात १९२.१६८.५०.१० ची वाट डीफॉल्ट गेटवेची, म्हणजे ईथ० ची. पॅकेट आलं ईथ१ वरून, म्हणून टाकलं.

खात्री करायला 'एनस्टॅट -एझेड' चालवा आणि 'आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर' या नावाची ओळ शोधा. काही सेकंदांनी पुन्हा चालवा. आकडा भराभर वाढत असेल, तर चोर सापडला.

सरळ उपाय म्हणजे एन्कोडरला योग्य पत्ता देणं. ते शक्य नसेल, तर उलटी वाट दाखवा:

आयपी राउट ॲड १९२.१६८.५०.०/२४ डेव्ह ईथ१

तिसरा उपाय तपासणी सैल करण्याचा. आरपी_फिल्टरची किंमत ० म्हणजे बंद, १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल. सैल म्हणजे कुठल्याही कार्डावरून वाट असली की पुरे. इथे एक खाच आहे. ही किंमत प्रत्येक कार्डासाठी वेगळी असते, शिवाय 'ऑल' या नावानं एक सामाईकही असते, आणि दोन्हींतली मोठी लागू होते. म्हणून ईथ१ वर ० लिहिलं आणि 'ऑल' मध्ये १ राहिला, तर काहीच बदलत नाही. ईथ१ वर २ लिहा, ती मोठी असल्यानं चालते. इंटरनेटच्या कार्डावरची कडक तपासणी तशीच राहू द्या. ती खोट्या पत्त्यांपासून राखण करते आणि आपल्या अडचणीशी तिचा संबंध नाही.

दुसरी तपासणी फायरवॉलची. ईथ१ वर दोन गोष्टी आत यायला हव्यात: पोर्ट ५००४ चं यूडीपी, आणि आयजीएमपी. आयजीएमपी हा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे, त्याचा क्रमांक २. त्याला पोर्ट नसतं, त्यामुळे पोर्टं उघडत बसणाऱ्याच्या नजरेतून तो हमखास सुटतो.

तिसरी गोष्ट तपासणी नव्हे, पण इथेच सांगायला हवी. दोन कॅमेरे दोन वेगळ्या ग्रुपवर, पण एकाच पोर्टवर सोडले, तर लिनक्सवर एका प्रोग्रामला दोन्हींची पॅकेटं मिळू शकतात आणि चित्र फाटतं. प्रोग्रामनं सर्व पत्त्यांवर कान लावलेला असतो आणि संगणक दोन्ही ग्रुपांचा सदस्य असतो, म्हणून असं होतं. प्रत्येक कॅमेऱ्याला ग्रुप वेगळा द्या आणि पोर्टही वेगळं द्या, हा प्रश्नच उरत नाही.

पाचवी पायरी: चार मिनिटं चालतं, मग थांबतं

हे लक्षण ऐकलं की मी संगणकाला हात लावत नाही, आधी स्विचकडे जातो. शहाणा स्विच मल्टिकास्ट सगळ्या पोर्टांवर ओतत नाही. कोण सामील झालं ते ऐकून तेवढ्याच पोर्टांवर देतो. याला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात. पण त्यासाठी कुणीतरी ठरावीक वेळानं 'अजून कोण आहे?' असं विचारावं लागतं. विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. विचारणाच झाली नाही, तर सदस्य उत्तर देत नाहीत आणि स्विच त्यांची नावं पुसतो. प्रमाण नियमांप्रमाणे विचारणा दर १२५ सेकंदांनी होते आणि सदस्यत्व २६० सेकंद टिकतं, म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की तो नव्यानं सामील होतो आणि पुन्हा तेवढाच वेळ चालतो. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, प्रोग्राममध्येच खोट आहे.

आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या विजांनी एक स्विच जळाला. नवा आणला, तोही चांगला. नाटकाच्या तालमीला दर चार मिनिटांनी पडदा काळा. "बाब, स्विच नवोच आसा," वायरमन पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि त्याचं खरंच होतं. जुन्या स्विचवर क्वेरियर चालू केलेला होता, नव्यावर स्नूपिंग चालू आणि क्वेरियर बंद.

तपासणी अशी:

टीसीपीडंप -एनआय ईथ१ आयजीएमपी

पाच मिनिटं नुसतं पाहत बसा. २२४.०.०.१ कडे जाणारी विचारणा दिसली नाही, तर जाळ्यात क्वेरियर नाही. स्विचच्या सेटिंगमध्ये तो चालू करा. विचारणा दिसते पण संगणकाचं उत्तर जात नाही, तर फायरवॉल आयजीएमपी आत घेत नाही. चौथ्या पायरीकडे परत जा. दोन्हींचं बाहेरून दिसणारं लक्षण अगदी एकच आहे, फरक फक्त इथे कळतो. तिसऱ्या आवृत्तीत उत्तर २२४.०.०.२२ कडे जातं, दुसऱ्या आवृत्तीत थेट ग्रुपच्या पत्त्याकडे.

काही जण वैतागून स्नूपिंगच बंद करतात. मग चित्र सुरू होतं खरं, पण प्रत्येक पोर्टवर सगळं ओतलं जातं, आणि त्याच स्विचला वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट जोडलेला असेल तर तो गुदमरतो. वाय-फायवर मल्टिकास्ट साधारणपणे कमी वेगानं जातं आणि पोचपावती नसते. पडद्यांना चित्र द्यायला तारच ओढा.

ग्रुपचा आकडा निवडतानाही थोडं जपा. मल्टिकास्ट पत्त्याचे शेवटचे २३ बिटच हार्डवेअर पत्त्यात उतरतात, म्हणून ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच हार्डवेअर पत्त्यावर येतात. २३९.१०.१०.५ आणि २३९.१३८.१०.५ हे स्विचला सारखेच दिसू शकतात. २३९.०.०.५ तर घेऊच नका, तो २२४.०.०.५ शी जुळतो, आणि २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ या राखीव पट्ट्यातलं स्विच सहसा सगळीकडेच ओततात.

सहावी पायरी: पाठवण्याची बाजू

आपल्या संगणकावरून २३९.१०.१०.२० वर जाणारं चित्र कुठल्या कार्डावरून निघतं, ते पुन्हा वेगळं तपासा. टीसीपीडंप ईथ० वर लावा आणि हा ग्रुप तिथे दिसतो का पाहा. दिसला, तर पडदे काळे राहतातच, शिवाय इंटरनेटच्या राउटरवर तो सगळा भार पडतो. 'मोबाइल अडकतायत' अशी तक्रार आली, तेव्हा मूळ कारण हे निघाल्याचं मी पाहिलं आहे.

दुसरं म्हणजे टीटीएल, पॅकेटानं किती राउटरपर्यंत जायचं त्याची मर्यादा. मल्टिकास्टचं मूळ टीटीएल १ असतं, म्हणजे पॅकेट पहिल्या राउटरपलीकडे जात नाही. पडदे त्याच जाळ्यात असतील, तर ते योग्यच आहे. मध्ये राउटर असेल, तर प्रोग्राममध्ये टीटीएल वाढवा, आणि त्या राउटरवर मल्टिकास्ट राउटिंग चालू आहे ना, तेही पाहा. दोन कार्डांच्या लिनक्स संगणकालाच राउटर करायचं असेल, तर नेहमीचं आयपी फॉरवर्डिंग चालू करून भागत नाही. एसएमसीराउट किंवा पीआयएमडी यांसारखा वेगळा प्रोग्राम लागतो.

नुसती वाट तपासायला आयपर्फ बरा, पण दुसरी आवृत्ती घ्या. तिसरी मल्टिकास्ट करत नाही.

विंडोज असेल तर

क्रम तोच, शब्द वेगळे. 'राउट प्रिंट' मध्ये २२४.०.०.० ची ओळ प्रत्येक कार्डासाठी दिसते, आणि ज्या ओळीचं मेट्रिक, म्हणजे पसंतीक्रमाचा आकडा, सर्वांत कमी तिच्याकडून पॅकेट जातं. रंगमंचाच्या कार्डाचं आपोआप मेट्रिक काढून लहान आकडा द्या. त्या कार्डावर गेटवे मात्र ठेवू नका, नाहीतर इंटरनेटच तिकडे वळेल. सदस्यत्व पाहायला:

नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो जॉइन्स

गेटवे नसलेल्या जाळ्याला विंडोज अनोळखी समजून 'पब्लिक' गटात टाकतं आणि फायरवॉल कडक होते. प्रोग्रामला परवानगी देताना पब्लिकचाही चौकोन खूण केलेला हवा.

जत्रेच्या आदल्या दिवशी

'आयपी राउट ॲड' नं घातलेला मार्ग संगणक बंद होताच जातो, आणि आपल्याकडे जत्रेत वीज जाणार हे धरूनच चालावं लागतं. नेटवर्कमॅनेजर असेल, तर ईथ१ च्या कनेक्शनमध्ये मार्ग कायमचा लिहा: 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय' च्या पुढे कनेक्शनचं नाव, मग '+आयपीव्ही४.राउट्स' आणि २३९.०.०.०/८. आरपी_फिल्टरची किंमत 'सिससीटीएल' च्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंगांच्या, फाइलमध्ये घाला. चित्राचा प्रोग्राम आपोआप सुरू होत असेल, तर तो ईथ१ उठल्यानंतरच सुरू होईल अशी व्यवस्था करा; आधी सुरू झाला, तर सामील होताना पुन्हा इंटरनेटचीच वाट धरेल.

मग खरंच वीज घालवून पाहा. मुख्य बटण बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा, आणि कशालाही हात न लावता अग्रशाळेत पडद्यासमोर जाऊन बसा. चित्र आल्यावर घड्याळ लावा. आम्ही सहा मिनिटं थांबतो, म्हणजे २६० सेकंदांची मर्यादा ओलांडल्यावरही पडदा उजळ आहे हे डोळ्यांनी दिसतं. त्यानंतरच खुर्च्या मांडायला सांगतो.